विजेची चाहूल

रायपूर शहराच्या एका भागाला पुरानी बस्ती असे नाव आहे. जुनी वस्ती, एवढाच त्याचा अर्थ. महामायेचे मंदिर, दूधाधारी मठ आणि जैतूसाव मठ यांच्या आसमंतात पसरलेल्या या भागातील गल्ल्या अरुंद आहेत, घरे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि जुन्या भिंती अशा जाड की, छत्तीसगढचा उन्हाळाही उंबऱ्यावर थबकावा. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा मुलूख भोसल्यांचा होता. तात्यापारा हे नाव आजही त्या मराठी वावराची खूण सांगते. ‘छत्तीसगढ मित्र’ या हिंदी मासिकाचे संपादक माधवराव सप्रे याच शहरात राहिले आणि १९२६ साली येथेच निवर्तले. तेव्हा मराठी श्रोत्यांना हे गाव परके वाटण्याचे कारण नाही. शिवाय येथे जे सांगावयाचे आहे ते नागपूरच्या महालातील, पुण्याच्या कसब्यातील किंवा कोल्हापूरच्या एखाद्या पेठेतील जुन्या घरालाही तितकेच लागू आहे.

अशा घरात वीज ही उशिरा आलेली पाहुणी होय. घर बांधणाऱ्याने तिच्यासाठी कोठेही जागा ठेवलेली नव्हती. ती आली ती प्रथम लाकडी पट्ट्यांवर क्लिपांनी आवळलेल्या तारांतून. पुढे केसिंग-कॅपिंगच्या खाचांतून धावू लागली, आणि नंतर लोखंडाच्या व प्लॅस्टिकच्या नळ्यांत शिरली. दर पिढीने आपली तार वाढविली. आधीच्या पिढीची तार काढून टाकण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेतली. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा एका मीटरचे दोन झाले, दोनाचे तीन झाले, पण मधली भिंत एकच राहिली. धाकट्या भावाने आपला मेन स्विच बंद केला, तरी थोरल्याच्या मीटरवरची तार त्याच भिंतीतून, कधी कधी त्याच खाचेतून, जिवंतच राहते. बंद कोणाचे झाले आणि चालू कोणाचे राहिले, हे भिंतीकडे पाहून सांगता येत नाही.

आता अशा एका घरात माजघरातील दिवा लागत नाही म्हणून वायरमन आला आहे, असे समजू. तो मेन स्विच बंद करतो, खिशातून जाड पेनासारखी एक वस्तू काढतो आणि तिचे टोक तारेच्या वेष्टनाजवळ नेतो. तारेला तो स्पर्शही करीत नाही. टोक लाल झाले आणि पेन वाजू लागले, तर तारेत वीज आहे. पेन गप्प राहिले तर? घरधनी म्हणतो, वीज नाही. वायरमनही बहुधा तेच म्हणतो आणि पक्कड हातात घेतो. पेन गप्प राहिले यावरून वीज नाही असे ठरते काय, हा त्या क्षणीचा खरा प्रश्न होय. त्याच्या उत्तरावर माणसाचा जीव अवलंबून असतो. विजेच्या धक्क्याने या देशात अलीकडच्या वर्षांत दरसाल दहा हजारांहून अधिक माणसे मरण पावली आहेत. हा आकडा मोठ्या रेल्वे अपघातासारखा एके ठिकाणी, एका दिवशी घडत नाही. त्यामुळे तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, इतकेच.

स्पर्श न करता विजेचा माग काढण्याची युक्ती नवी नव्हे. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचा वैद्य विल्यम गिल्बर्ट याने १६०० साली आपल्या लोहचुंबकावरील ग्रंथात एका साध्या साधनाचे वर्णन केले आहे. धातूची एक हलकी सुई टोकदार खुंटीवर तोलून ठेवावयाची आणि घासलेला अंबर तिच्याजवळ न्यावयाचा. सुई आपोआप त्याच्याकडे वळे. १७८७ साली अब्राहम बेनेट याने काचपात्रात सोन्याच्या वर्खाची दोन पाने टांगून याहून नाजूक साधन तयार केले. विद्युत्भारित वस्तू जवळ आणली की ती पाने एकमेकांपासून दूर सरत. शाळेच्या प्रयोगशाळेत हे साधन पुष्कळांनी पाहिलेले असेल. या दोन्ही साधनांचा आधार एकच. विद्युत्भारित वस्तूभोवती एक क्षेत्र असते आणि ते हवेतून, काचेतून, रबरातूनही पोहोचते. त्या क्षेत्राची खबर लागणे म्हणजे विजेची चाहूल लागणे होय.

चाहूल हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. दाराबाहेर पाऊल वाजले तर कोणी आले आहे अशी चाहूल लागते. पण चाहूल लागली म्हणजे माणूसच आला असे नव्हे, वाऱ्याने पाचोळा हलला असेल. आणि चाहूल लागली नाही म्हणजे कोणी आलेच नाही असेही नव्हे, आलेला अनवाणी असेल. कोण आहे ते नक्की कळावयाचे तर दार उघडूनच पाहावे लागते.

पेनासारख्या साधनाकडे वळण्यापूर्वी त्याच्या वडील भावाची ओळख करून घेतली पाहिजे. तो म्हणजे घरोघरी असलेला, स्क्रू-ड्रायव्हरसारखा दिसणारा टेस्टर. पारदर्शक मुठीतील त्याच्या छोट्या नळीत निऑन वायू असतो. हा वायू रॅम्झे आणि ट्रॅव्हर्स यांनी १८९८ साली शोधून काढला, आणि त्याचा चिमुकला, मंद प्रकाशाचा दिवा डॅनियल मूर याने १९१७ साली अमेरिकेत तयार केला. टेस्टरचे पाते जिवंत तारेला लावले आणि मुठीच्या वरच्या टोकाला बोट टेकविले की पात्यातून, एका मोठ्या रोधातून, निऑनच्या दिव्यातून आणि शेवटी माणसाच्या शरीरातून अत्यल्प प्रवाह जमिनीकडे जातो. रोध साधारण दहा लक्ष ओहमचा असतो, त्यामुळे २३० व्होल्टच्या घरगुती दाबावर हा प्रवाह सुमारे एक-पंचमांश मिलिअँपिअरच्या आतच राहतो. माणसाला प्रवाहाची जाणीव होऊ लागते ती साधारण एक मिलिअँपिअरच्या सुमारास. दहाच्या आसपास हाताचे स्नायू तार धरून बसतात आणि सोडता सोडवत नाही. तीसच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. म्हणजे टेस्टर वापरणारा माणूस विजेचा धक्का खात नाही असे नव्हे. तो इतका लहान धक्का खातो की कळत नाही. त्याचे सारे संरक्षण त्या एका रोधात आहे, आणि तो रोध मुठीच्या आत असल्यामुळे डोळ्यांना तपासता येत नाही. मुठीत पाणी शिरलेला किंवा तडा गेलेला टेस्टर फेकून द्यावा असे जाणते वायरमन सांगतात ते याचसाठी.

या टेस्टरची एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. विजेचे काम करताना पायांत रबरी चपला घालाव्यात, कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहावे, असा सर्वांना ठाऊक असलेला उपदेश आहे आणि तो योग्यच आहे. परंतु असे केले की शरीरातून जमिनीकडे जाणारी प्रवाहाची वाट जवळजवळ बंद होते. उरते ती केवळ शरीर आणि जमीन यांच्यामधील धारितेची वाट, आणि तिच्यातून जाणारा प्रवाह आणखी पुष्कळच कमी. निऑनचा दिवा अगदी मंद होतो. पुरानी बस्तीच्या एखाद्या उघड्या अंगणात, मे महिन्याच्या दुपारी, तो पेटला आहे की नाही हे डोळ्यांवर हाताचा आडोसा धरूनही कळत नाही. माणूस जितका सुरक्षित उभा, तितकी टेस्टरची साक्ष कच्ची. हा विरोध पुढच्या साधनातही सुटलेला नाही.

आता त्या पेनाविषयी. तारेतील तांबे, त्यावरील वेष्टन, मधली थोडी हवा, पेनाचे प्लॅस्टिकचे टोक आणि त्याच्या आतील धातूची लहानशी पट्टी, इतके मिळून एक धारित्र तयार होते. दोन धातू आणि मध्ये निरोधक, हीच धारित्राची व्याख्या. या धारित्राची धारिता अतिशय लहान, एक पिकोफॅरडच्या आसपास किंवा त्याहून कमी. आपल्या घरातील विजेचा दाब सेकंदाला पन्नास आवर्तने करीत वरखाली होत असतो. दाब बदलत असला की धारित्रातून प्रवाह जातो, स्थिर असला की जात नाही. एक पिकोफॅरड धरला, तर पन्नास आवर्तनांच्या विजेला त्याचा अडथळा सुमारे तीन अब्ज ओहमचा होतो, आणि २३० व्होल्टवर त्यातून जाणारा प्रवाह एका अँपिअरच्या सुमारे एक कोटी चाळीस लाखाव्या भागाइतका भरतो. एवढ्याशा प्रवाहाने निऑन पेटणे तर दूरच, सोन्याचा वर्खही हलणार नाही. तो ओळखण्यासाठी असे वर्धक हवे होते की, जे स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह न घेता केवळ दाबाची जाणीव घेईल. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत अटाला आणि कांग यांनी ज्याचे दार ऑक्साइडच्या पातळ थराने पूर्ण बंद केलेले आहे असा ट्रँझिस्टर करून दाखविला, तेव्हा ही अडचण दूर होण्याची वाट मोकळी झाली. त्या जातीच्या ट्रँझिस्टरांची मंडले पुढे इतकी स्वस्त झाली की, आज अभियांत्रिकीचा विद्यार्थी तारेचा एक तुकडा, एक चकती, एक छोटा दिवा आणि एक बॅटरी घेऊन असे साधन स्वतः जुळवू शकतो.

पेन हातात धरलेले असते, हेही महत्त्वाचे. दाब म्हणजे दोन ठिकाणांमधला फरक. एक ठिकाण तार, तर दुसरे कोणते? दुसरे जमीन. आणि पेनाला जमिनीची ओळख होते ती धरणाऱ्याच्या शरीरामार्फत. शरीर आणि जमीन यांच्यामधील धारिता साधारण शंभर पिकोफॅरड धरली, तर ती तार आणि टोक यांच्यामधील धारितेच्या शंभरपट होते, म्हणून बहुतेक वेळी हा हिशेब जमतो. परंतु तोच माणूस उंच फायबरच्या शिडीवर, जमिनीपासून दूर आणि जिवंत तारांच्या गर्दीत उभा असला, तर त्याचे शरीरच थोडेसे तारेच्या दाबाकडे ओढले जाते. मग तार आणि पेन यांच्यामधील फरक कमी होतो आणि पेनाला जे ऐकावयाचे तेच क्षीण होते.

एवढे समजले की पेन कोठे फसेल हे फारसे कोणी सांगावे लागत नाही. लोखंडी नळीतून गेलेली किंवा पोलादी पट्टीचे कवच असलेली तार पेनाला दिसत नाही, कारण धातूचे कवच जमिनीला जोडलेले असले की क्षेत्र आतच अडते. जुन्या घरात एक खोली लाकडी खाचेची आणि दुसरी लोखंडी नळीची असते, आणि पेन पहिल्या खोलीत बोलते, दुसऱ्या खोलीत मुके होते. पावसाळ्यात ओल धरलेली जाड भिंत आणखी फसवी. ओली भिंत कधी आतल्या तारेचे क्षेत्र झाकून टाकते, तर कधी तारेतून झिरपलेली वीज भिंतभर पसरवून पेनाला कोठेही वाजावयास लावते. तिन्ही फेजांच्या तारा पिळून एकत्र केलेल्या असल्या, तर थोड्या अंतरावर त्यांची क्षेत्रे एकमेकांना छेदून नाहीशी होऊ लागतात. बॅटरी उतरली असेल तर पेन गप्प, आणि दाब त्याच्या ठरावीक मर्यादेखाली असेल तरीही गप्प. पुष्कळ पेने बटण दाबताच एकदा चमकून आपण जागे असल्याचे दाखवितात. त्यावरून बॅटरी व दिवा ठीक आहे एवढेच कळते. टोकातील पट्टी सुटलेली नाही, याची ग्वाही बहुधा त्यात नसते.

न्यूट्रल तारेची कथा निराळी आहे. ती सुस्थितीत असताना जमिनीच्या दाबाच्या जवळ असते, त्यामुळे तिच्यातून पाच अँपिअर वाहत असले तरी पेन काही बोलत नाही. वायरमनने ती गप्प तार मृत समजून मध्येच तोडली आणि पुढे पंखा किंवा शीतकपाट चालू असले, तर तोडलेल्या दोन टोकांपैकी उपकरणाच्या बाजूचे टोक तत्क्षणी फेजच्या दाबावर जाते. जी तार एका क्षणापूर्वी निरुपद्रवी होती, ती हातात असतानाच जिवंत होते. हा धोका पेनाने सांगितलेला नसतो, आणि सांगणे त्याच्या हातीही नसते. जुन्या घरांतील दुसरा एक दोष मात्र पेन आणि टेस्टर दोघेही चांगला पकडतात. तो म्हणजे स्विच फेजवर न बसविता न्यूट्रलवर बसविण्याचा. स्विच बंद करताच दिवा विझतो आणि सर्वांचे समाधान होते, पण होल्डरमध्ये वीज असतेच. दिवा बदलताना धक्का बसला की दोष दिव्याला दिला जातो.

आता उलट बाजू, म्हणजे वीज नसता वाजणारे पेन. मघाशी सांगितलेल्या त्या टाकून दिलेल्या तारा येथे आपला प्रताप दाखवितात. एक जिवंत आणि एक दोन्ही टोकांनी मोकळी, अशा दोन तारा एकाच खाचेतून दहा-बारा मीटर जोडीने गेल्या की त्यांचे मिळून लांबट धारित्र होते, आणि मोकळ्या तारेवर दाबाची छाया पडते. पेन तेथे खुशाल वाजते. अंकी मल्टिमीटर लावला तर तोही शंभर-दीडशे व्होल्ट दाखवितो, कारण त्याचा स्वतःचा रोध सुमारे एक कोटी ओहमचा असतो आणि तो त्या छायेला धक्काही लावीत नाही. तंत्रज्ञ याला भुताचा दाब म्हणतात. भुताच्या दाबाने कोणी मरत नाही. मरण येते ते दुसऱ्या वाटेने. चार वेळा वृथा वाजलेल्या पेनावर माणूस पाचव्या वेळी विश्वास ठेवीत नाही, आणि पाचव्या वेळी तार खरोखरच जिवंत असते. वृथा इशारा हा निरुपद्रवी दोष आहे असे मानणाऱ्यांनी वायरमनच्या मनाचा विचार केलेला नाही.

मग भूत कोणते आणि खरी वीज कोणती, हे कसे ओळखावयाचे? त्यासाठी तारेकडून थोडे काम करून घ्यावे लागते. छायेच्या दाबामागे बळ नसते, कामाचा भार पडला की तो कोसळतो. जुने वायरमन याकरिता टेस्ट लॅम्प वापरीत आणि आजही वापरतात: एक होल्डर, त्यात पंधरा वॅटचा दिवा आणि दोन तारा. दिवा पूर्ण तेजाने पेटला तर वीज खरी. भुताच्या दाबाने तो लालही होत नाही. तुटलेल्या न्यूट्रलचा उलगडाही त्यानेच होतो. घरात सर्व दिवे विझलेले, आणि टेस्टर मात्र दोन्ही तारांवर चमकतो, हा देखावा पाहून घरधनी चक्रावतो. प्रत्यक्षात दुसऱ्या तारेवरची चमक पंख्या-दिव्यांतून फिरून आलेली असते. टेस्ट लॅम्प त्या दोन तारांमध्ये लावला की तो पेटत नाही, आणि न्यूट्रल कोठेतरी तुटली आहे हे ध्यानात येते. रस्त्यावरच्या तिन्ही फेजांच्या पुरवठ्यात हीच न्यूट्रल तुटली, तर काही घरांत दाब २३० वरून ४०० कडे चढतो आणि गल्लीतील दूरदर्शनसंच एकाच संध्याकाळी जळतात. परंतु टेस्ट लॅम्पलाही वेसण हवी. पंधरा वॅटच्या दिव्यातून २३० व्होल्टवर सुमारे पासष्ट मिलिअँपिअर जातात. फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये तो लावला आणि घराचे अर्थिंग मातीत सुकून निकामी झालेले असले, तर अर्थिंगच्या तारेला जोडलेले शीतकपाट आणि पाण्याचा पंप यांची अंगे त्या दिव्यामार्फत जिवंत होतात. दिवा पेटला नाही म्हणून वायरमन डोके खाजवीत असतो, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात कोणीतरी शीतकपाटाची मूठ धरीत असते.

या सगळ्याचा विचार करून घडविलेले साधन म्हणजे दोन टोकांचा दाबदर्शक. दोन जाड वेष्टनाच्या सळया, मध्ये तार, आणि एका सळईत दिव्यांची ओळ. यात माणूस मंडलाचा दुवा नसतो. एक टोक या तारेवर, दुसरे त्या तारेवर. फरक असेल तर त्याच्या मानाने दिवे पेटतात, आणि पुष्कळशा प्रकारांत दिशाहीन व एकदिश दाब निरनिराळा ओळखता येतो. आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाचे ६१२४३ क्रमांकाच्या मालिकेतील तिसरे मानक नेमके याच साधनासाठी आहे आणि ते उलटसुलट दाब १००० व्होल्टपर्यंत व एकदिश दाब १५०० व्होल्टपर्यंत मानते. काही साधनांत बटण दाबून मुद्दाम कमी रोध मध्ये आणता येतो आणि भूत उतरविता येते. मल्टिमीटर याहून बुद्धिमान खरा, पण त्याच्या चकतीवर पंधरा घरे असतात आणि घाईत भलत्या घरावर ठेवला, किंवा सळई प्रवाहाच्या छिद्रात राहून गेली, तर दाब मोजण्याऐवजी तो स्वतःच शॉर्टसर्किट होतो. क्लॅम्प मीटर तारेला न कापता तिच्याभोवती अडकवितात, म्हणून पुष्कळांना तोही पेनाच्या जातीचा वाटतो. तो चुंबकीय क्षेत्र ओळखतो, म्हणजे वाहणारा प्रवाह ओळखतो. दिवा बंद असताना जिवंत तारेतून प्रवाह वाहत नाही, आणि क्लॅम्प मीटर शून्य दाखवितो. त्या शून्याचा अर्थ तार मृत असा लावणाऱ्याची गत सांगावयास नको.

पेन वापरूच नये असा मात्र याचा अर्थ नाही. दहा प्लगांपैकी कोणत्या प्लगला वीज येत नाही, वायरच्या लांबीत ती कोठे तुटली आहे, स्विच फेजवर आहे की न्यूट्रलवर, बंद केलेल्या फलकात एखादी परकी तार जिवंत राहिली आहे काय, ही कामे ते झपाट्याने करते, आणि उघड्या धातूपर्यंत हात नेण्याची गरज ठेवीत नाही. त्याने वाजून दाखविले तर हात मागे घ्यावा. त्याच्या गप्प बसण्यावर मात्र पक्कड उचलू नये. अमेरिकेच्या श्रमसुरक्षा नियमांत ६०० व्होल्टच्या वरील कामासाठी तपासणीचे साधन वापरण्याच्या लगेच आधी आणि लगेच नंतर ते ठीक चालते याची खात्री करण्याची अट आहे. खाली घरगुती दाबावरही जाणते कारागीर हेच करतात. प्रथम ज्ञात जिवंत प्लगवर साधन दाखवून ते बोलते ना ते पाहावयाचे, मग काम करावयाच्या तारा तपासावयाच्या, फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ अशा तिन्ही जोड्या, आणि शेवटी पुन्हा त्या जिवंत प्लगवर जावयाचे. तिसरी पायरी अनेकांना वेळेचा अपव्यय वाटते. साधन मध्येच, नेमके दुसऱ्या पायरीवर, निकामी झाले असेल तर ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही. याही आधी मेन स्विच बंद करावा, एका घरात तीन मीटर असतील तर तिन्ही बंद करावेत, आणि फ्यूज काढून खिशात ठेवावा. फ्यूज खिशात ठेवण्याची जुन्या वायरमनची रीत कोणत्याही आधुनिक कुलपापेक्षा कमी प्रतीची नव्हती.

रस्त्यावरील खांबाचे काम करणाऱ्या लाइनमनचा प्रश्न याहून बिकट आहे. त्याच्यासाठी लांब निरोधक काठीच्या टोकाला बसविलेले, आणि अलीकडे शिरस्त्राणावर किंवा मनगटावर घालावयाचे, क्षेत्र ओळखणारे इशारायंत्र निघाले आहे. परंतु इशारायंत्र म्हणजे लाइन क्लियर नव्हे. उपकेंद्रातून वीज बंद झाल्याचा लेखी परवाना हाती आला, तरी वीज दुसऱ्या बाजूने येऊ शकते. वस्तीतील एखादा दुकानदार आपले छोटे जनित्र थेट भिंतीतील प्लगला जोडतो. ती वीज त्याच्या मीटरमधून उलटी बाहेर पडते, रोहित्रात शिरते आणि तेथे २३० व्होल्टची चढून ११ किलोव्होल्टच्या तारेवर पोहोचते. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांतील ३६ व्या नियमाने तारेला हात लावण्यापूर्वी ती जमिनीला जोडून किंवा अन्य योग्य रीतीने निर्भार करण्याची अट घातली होती. त्या नियमांची जागा २०१० साली केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली आणि २०२३ साली ते विनियम नव्याने झाले, पण या अटीमागील तर्क बदललेला नाही. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारा सळयांनी जमिनीला जखडल्या की, वीज कोठूनही आली तरी ती माणसाच्या शरीराऐवजी सळईतून जाते. कार्यालयांच्या भांडारात मात्र या सळया, हातमोजे आणि दाबदर्शक यांची खरेदी किरकोळ सदराखाली पडते आणि सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. वर्षाअखेर लेखापरीक्षक किंमत तपासतो. सळईचा चिमटा तारेवर घट्ट बसतो की नाही, हे तपासण्याची पाळी खांबावरच्या माणसावर येते.

शेवटी एका नव्या गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे, कारण तिच्यापुढे पेन पूर्णपणे निरुत्तर होते. पेनाला बदलता दाब लागतो, हे वर आलेच आहे. स्थिर, एकदिश दाबाची चाहूल त्याला लागत नाही. एकदिश वीज ही पूर्वी सामान्य माणसाच्या वाट्याला येत नसे. ती चंद्रपूर ते पडघे अशा, १९९९ साली सुरू झालेल्या ५०० किलोव्होल्टच्या वाहिनीतून, किंवा छत्तीसगढमधील रायगढपासून तमिळनाडूतील पुगलूरपर्यंत जाणाऱ्या ८०० किलोव्होल्टच्या वाहिनीतून दूरवरून निघून जाई. आता तीच एकदिश वीज गच्चीवर आली आहे. २०२४ साली केंद्र सरकारने घरांच्या छतांवर सौर तक्ते बसविण्याची नवी योजना सुरू केली, आणि आठ-दहा तक्ते एकापुढे एक जोडले की त्यांच्या दोन तारांमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट उभे राहतात. खालचा मेन स्विच बंद केला, रस्त्यावरची वीज गेली, तरी ऊन आहे तोवर गच्चीवरून परिवर्तकापर्यंतच्या तारा जिवंतच असतात. वायरमन त्यांच्याजवळ पेन नेतो, पेन गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्यात त्याचा काहीही दोष नसतो. तेथे एकदिश दाब मोजणारे दोन टोकांचे साधन हवे, गच्चीजवळचा एकदिश स्विच आधी उघडलेला हवा, आणि तक्त्यांकडून येणाऱ्या तारांची जोडी कोणती हे खाली फलकावर लिहून ठेवलेले हवे. पुरानी बस्तीतील जाड भिंतींच्या घरांवर असे तक्ते चढू लागले, की त्यांच्या तारा खाली उतरतील त्या त्याच जुन्या खाचांतून, दोन पिढ्यांच्या टाकून दिलेल्या तारांच्या सोबतीने.